नोंद एक, जागा अनेक

धानाच्या रोवणीआधी पीककर्जासाठी वरठीच्या शेतकऱ्याला सातबारा हवा असतो. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात असे, वाळवीची धास्ती. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, पण यंत्रेही बंद पडतातच!

६ भागांच्या नोंदीच्या ३ प्रती ठेवल्यास १८ भागांची जागा लागते. रीड व सॉलोमन यांच्या १९६० च्या गणिताने ३ पूरक भाग जोडून ९ यंत्रांवर विभागल्यास कोणतीही ३ यंत्रे गेली तरी नोंद शाबूत राहते. जागा निम्मी, मात्र हरवलेला १ भाग पुन्हा घडविण्यास उरलेल्यांपैकी ६ वाचावे लागतात, आणि तेवढा विलंब होतो. म्हणून रोजच्या उताऱ्यांच्या पूर्ण प्रती ठेवाव्यात. ही काटकसर क्वचित उघडल्या जाणाऱ्या जुन्या फेरफारांसाठी योग्य.