जयजयकार आणि जाळपोळ
खारबावपासून भिवंडी दूर नाही. तेथे ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. मे १९८४ मध्ये तेथे पुन्हा दंगल पेटली. यंत्रमागावर पोट भरणाऱ्यांची घरे जळाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने १९७० च्या दंगलीबाबत जातीय संघटनांच्या चिथावणीवर बोट ठेवले. शिवछत्रपतींनी मशिदीस व कुराणास धक्का लावू नये अशी आज्ञा सैन्याला दिली होती, असे त्यांचा निंदक खाफीखानही लिहितो. त्यांच्याच जयजयकारात वस्त्या पेटविणे ही कसली भक्ती?

हे ढोंग एका धर्माचे नाही. अमेरिकेत १९८० मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी कुटुंबाच्या पावित्र्याचा गजर करीत, चर्चमध्ये बायबल शिकविणाऱ्या कार्टरांविरुद्ध घटस्फोटित रेगन यांना उचलून धरले. पुढाऱ्याची पारख त्याच्या आरतीवरून नव्हे, आचरणावरून व्हावी.