सभेनंतरचा दिवस

गेल्या आठवड्यांत माझे एक स्नेही घरीं आले होते. शेजारच्या वस्तींतील कार्यकर्त्यांनीं दिलेलें एक निमंत्रणपत्र त्यांच्या हातांत होतें. संविधानदिनानिमित्त सभा, असा त्यावर मजकूर होता. पत्र माझ्यापुढें ठेवून ते म्हणाले, "हे लोक दर वर्षीं बोलावतात. जावें असें वाटतें. पण जाऊन करावयाचें काय? त्याच तसबिरी, तेच हार, तींच भाषणें. आणि आमच्यासारख्यांचें तेथें काम तरी कोणतें?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणूनच तो आज आपणांपुढें मांडावा असें मीं ठरविलें. शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांत हा प्रश्न मनांत येतो, त्याचें उत्तर मिळत नाहीं, आणि निमंत्रणपत्र टेबलावरच राहून जातें.

सामाजिक न्यायासाठीं झटणाऱ्या मंडळींच्या सभासंमेलनांचा हंगाम आपल्या महाराष्ट्रांत ठरलेला आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीनें राज्यघटना स्वीकारली; तो दिवस २०१५ पासून संविधानदिन म्हणून पाळला जातो. पाठोपाठ २८ नोव्हेंबरला जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन येतो. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनीं दादरच्या चैत्यभूमीकडे माणसांचा पूर लोटतो, आणि त्या गर्दींत पुस्तकांचीं दुकानें मांडलेलीं असतात. २५ डिसेंबर हा महाडचा दिवस. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. २० मार्चला पुन्हां महाड. आणि एप्रिलांत ११ तारखेस जोतीरावांची व १४ तारखेस बाबासाहेबांची जयंती. २०२७ सालीं या हंगामाला विशेष महत्त्व येत आहे. त्या वर्षीं २० मार्च रोजीं चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षें पूर्ण होतात, आणि त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनीं, ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जन्माला २०० वर्षें होतात. लहानमोठ्या गांवांतून आणि शहरांच्या वस्त्यांतून सभा भरतील, मिरवणुका निघतील. त्यांना आपण कोणत्या बुद्धीनें जावें, हाच आजचा विषय.

या प्रश्नाचें उत्तर मला महाडच्या हकीकतींतच सांपडतें. ऑगस्ट १९२३ मध्यें रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत एक ठराव मांडला व तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर पाहिलें तर प्रश्न सुटला होता. परंतु पुढें तीन वर्षें अस्पृश्यांना त्या तळ्याच्या पाण्याला हात लावण्याचें धैर्य झालें नाहीं. ठराव दप्तरांत राहिला आणि भीति गांवांत राहिली.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. परिषदेला लागणारें पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावें लागलें, आणि तेंहि गांवांत सार्वजनिक तळें भरलेलें असतांना! दुसऱ्या दिवशीं कामकाज संपत आलें तेव्हां, सर्वांनीं तळ्यावर जावें अशी सूचना अनंतराव चित्रे यांनीं मांडली. डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक रांगेनें निघाले, गांवांतून शांतपणें गेले, आणि तळ्याचें पाणी प्याले. थोड्याच वेळांत, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी कंडी पिकली, आणि जेवत असलेल्या व घरच्या वाटेला लागलेल्या निरपराध माणसांवर लाठ्या पडल्या. तळ्यांत पंचगव्य ओतून त्याची 'शुद्धि' करण्यांत आली. ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपला ठरावच मागें घेतला.

डिसेंबरांत पुन्हां परिषद भरावयाची, तर तिला जागा मिळेना. तेव्हां फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थांनीं आपली जमीन दिली. २५ डिसेंबर रोजीं गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनीं मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्याचें पाणी मात्र त्या वेळीं कोणी घेतलें नाहीं. विरोधकांनीं कोर्टांतून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. त्या हुकुमाचा मान राखून लढा कोर्टांत चालवावा असें ठरलें. तो दावा चालत राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें अखेरचा निकाल दिला. तळ्यावर गेल्या दिवसापासून मोजलें तर दहा वर्षांना तीन दिवस कमी!

श्रोतेहो, या हकीकतींत सभेचे दिवस किती आणि सभेनंतरचे दिवस किती, याचा हिशेब करून पाहा. मार्चचे दोन दिवस आणि डिसेंबरचे दोनतीन. एवढेच दिवस आपल्याला आठवतात. बाकीच्या वर्षांत कागदपत्रें जमविणें, साक्षी देणें, तारखांना हजर राहणें, गांवांत रोष पत्करून राहणें हें काम ज्या माणसांनीं केलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. कायद्यानें दिलेला हक्क सभेमुळें पायांत उतरला, हें खरें. पण तो टिकला सभेनंतर झालेल्या कामामुळें.

माझ्या स्नेह्यांनीं विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे. चित्रे व सहस्रबुद्धे यांचा जन्म अस्पृश्य मानलेल्या जातींत झालेला नव्हता. महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांचाहि नव्हता; तरी त्यांनीं परिषदेला मनापासून साहाय्य केलें. मात्र एक गोष्ट त्यांनीं ओळखली होती. ज्यांचा हक्क, त्यांचें पाऊल पुढें. आपण उपकार करण्यास आलों आहों अशी त्यांची भावना असती, तर त्या रांगेंत त्यांना स्थान राहिलें नसतें.

हें सर्व जुनें झालें, असें कोणी म्हणेल. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट झाली आणि पंधराव्यांत तर विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. मग आतां उरलें काय? महाड ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतून सामाजिक बहिष्काराच्या अनेक तक्रारी अलीकडच्या काळांत पुढें आल्या. कुटुंबाशीं बोलावयाचें नाहीं, दुकानांतून माल द्यावयाचा नाहीं, लग्नामर्तिकाला जावयाचें नाहीं, असा हा बहिष्कार. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ सालीं कायदा केला व तो २०१७ पासून अमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. परंतु गांवानें टाकलेल्या माणसाला पोलिसठाण्यांत एकट्यानें जातां येईल काय? त्याच्याबरोबर कोणी तरी जावयास हवें. १९२४ चा ठराव जसा तीन वर्षें पडून राहिला, तसा हाहि कायदा सोबतीवांचून पडून राहील.

आणि हें केवळ खेड्यांचें दुखणें आहे असें समजून आपण शहरांतल्यांनीं निश्चिंत राहूं नये. माणसाच्या हातानें मैला काढविण्याची चाल १९९३ च्या व पुन्हां २०१३ च्या कायद्यानें बंद झाली. तरीसुद्धां गटारांत उतरून मरण पावणाऱ्यांच्या कुटुंबियांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश २०२३ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपण राहतों त्या इमारतीची मैल्याची टाकी कोण साफ करतें, यंत्र कीं आंत उतरणारा माणूस, हें आपल्यापैकीं कितीजणांनीं कधीं विचारलें आहे? येत्या सभांतून हा विषय निघेल. त्याचें उत्तर मात्र व्यासपीठावर नसून आपल्या इमारतीच्या वार्षिक बैठकींत आहे.

म्हणून माझें सांगणें साधें आहे. या सभांना जरूर जा. पुढच्या खुर्चीची अपेक्षा न करतां जा, मुलांना बरोबर न्या, एखादें पुस्तक विकत घ्या, आणि मुख्य म्हणजे निघण्यापूर्वीं कार्यकर्त्यांना एवढेंच विचारा कीं, "उद्यां काय काम आहे?" कोणाचा जातीचा दाखला अडला असेल, कोणा मुलीची शिष्यवृत्ति थांबली असेल, कोणाला अर्ज लिहून हवा असेल, कोणाबरोबर कचेरींत जावयाचें असेल. लिहितांवाचतां येणें, कायद्याची भाषा समजणें, कचेरींत न बिचकतां बोलतां येणें, या गोष्टी आपल्याला सहज वाटतात; ज्याला त्या मिळाल्या नाहींत त्याला त्यांची किंमत विचारा. महिन्यांतून दोन संध्याकाळीं दिल्या तरी पुष्कळ काम होईल.

कार्यकर्त्या मित्रांनाहि एक विनंति करावीशी वाटते. निमंत्रणपत्रावर वक्त्यांचीं नांवें छापतां, तशीच हातीं घेतलेल्या कामाची एक ओळ छापा. पाहुण्यांचे आभार मानण्याआधीं, गेल्या वर्षीं जें काम ठरलें होतें त्याचें पुढें काय झालें, हें वाचून दाखवा. जें झालें नाहीं तेंहि वाचा. असा जमाखर्च ऐकलेला श्रोता नुसता टाळ्या वाजवून घरीं जाणार नाहीं.

त्या दिवशीं हेंच मीं माझ्या स्नेह्यांना थोडक्यांत सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प बसले. मग निमंत्रणपत्र उचलून त्यांनीं त्यावरची वेळ पुन्हां वाचली आणि विचारलें, "सभा सहाला आहे. सतरंज्या घालावयास किती वाजतां गेलें पाहिजे?"