राजापूरचा गाळ



रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर एके काळी नांदते बंदर होते, हे आज अर्जुना नदीकडे पाहून खरे वाटत नाही. घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेला माल येथे गलबतांत चढे. मिरीचा व्यापार मोठा. म्हणून तर इंग्रजांनी वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर छापा घातला.

पुढे खाडी गाळाने भरली, पेठ उतरली. पावसाळ्यात आता गलबतांऐवजी पुराचे पाणी बाजारात येते!

हा गाळ म्हणजे उघड्या डोंगरउतारांची माती. नदीतला गाळ यंत्राने निघेल. तुमच्या वरकस जमिनीचे काय? नांगरट उताराला आडवीच करा. बांधावर वाळा लावा. त्याचे ठोंब पहिल्या पावसातच लावावेत.