नळी काढाले सांगतली तं पाप लागन का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आजचा विषय जड आहे, पण घराघरातला आहे. गटाच्या वहीत कर्जाचं कारण म्हणून ‘दवाखाना’ किती वेळा लिहावं लागतं, ते तुम्ही जाणता. पेशंटला मोर्शीहून अमरावतीला, तिथून नागपूरला नेतात. तो मशीनवर असतो आणि डॉक्टर सांगतात, आता आशा नाही. मग घरची बाई हळूच विचारते, “ताई, नळी काढाले सांगतली तं पाप लागन का?” पापपुण्याचा निवाडा मी करणारी कोण? पण कायदा काय म्हणतो आणि आपण कुठं सावध राहायचं, ते सांगते.

अरुणा शानबाग हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं त्यांचा गळा आवळला आणि अत्याचार केला. मेंदूला इजा झाली. त्यानंतर जवळपास ४२ वर्षं त्या अंथरुणावरच होत्या. लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. अरुणाताईंना अन्न भरवणं थांबवावं, त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, अशी त्यांची मागणी होती. केईएमच्या नर्सेसनी याला विरोध केला. त्यांनी अरुणाताईंना इतकं जपलं होतं, की इतकी वर्षं झोपून असूनही पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. ७ मार्च २०११ ला कोर्टानं मागणी फेटाळली. १८ मे २०१५ ला अरुणाताई न्यूमोनियानं गेल्या.

बायांनो, जाऊ द्या म्हणणारी बाईच होती आणि सांभाळतो म्हणणाऱ्याही बायाच होत्या. माया दोन्हीकडं होती. म्हणून अशा वेळी कोणी वेगळं बोललं, तर लगेच त्याला निर्दयी म्हणू नये.

याच निकालानं पुढची वाट उघडली. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पेशंट बरा होण्याची आशाच उरली नसेल, तर फक्त श्वास लांबवणारे उपचार थांबवता येतात. पण हे एकट्या मुलाच्या किंवा एकाच डॉक्टरच्या मनावर नाही. आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं मंडळ तपासतं. घरच्यांची संमती लागते आणि मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. २०२३ मध्ये ही पद्धत थोडी सोपी केली. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, असं ठरलं.

सुई देऊन जीव घेणं मात्र आपल्याकडं गुन्हाच आहे, पेशंटनं हात जोडून मागितलं तरी. नेदरलँड्स, बेल्जियम अशा देशांत ठरावीक अटींवर डॉक्टरला तशी परवानगी आहे, आपल्याकडं नाही. उपचार थांबवले तर माणूस त्याच्या आजारानं जातो. सुई दिली तर तो आपल्या हातानं जातो. हा फरक पक्का लक्षात ठेवा.

आपल्या शेजारच्या पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि देह ठेवला. काही जण तो दाखला देतात. पण विनोबांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. आपल्या घरातली बुढी म्हणते, “आता मले ने रे बाप्पा,” तेव्हा ते तिच्या मनातलं असते की सुनेच्या तोंडाकडं पाहून आलेलं असते? ती दुखण्यानं बोलते, की संत्र्याचा बहार आपल्या औषधात गेला म्हणून लाजते? आपला भार होतो म्हणून मरण मागणं ही इच्छा नव्हे. ती आपल्याला मारलेली हाक आहे.

तसंच, पैसे संपले म्हणून पेशंटला घरी आणणं म्हणजे सन्मानाचं मरण नव्हे. तिथं आधी सरकारी योजना, सरकारी दवाखाना, सगळं विचारून पाहायचं. आणि कर्जापायी एखाद्या भावानं औषधाचा डबा हाती घेतला, तर त्याला कोणी इच्छामरण म्हणू नका. त्याला वाचवायचंच आहे. असं कोणाच्या मनात येत असेल, तर सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. तो लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

दुखणं असह्य असेल, तर डॉक्टरला विचारा, “हिचं दुखणं कमी कसं होईल?” कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. २०१४ मध्ये कायदा बदलून दवाखान्यांना त्या ठेवणं सोपं केलं. दुखणं थांबलं, की मरण मागणारी बाई पुष्कळदा नातवाला जवळ बोलावते. बरं करता येत नसलं तरी आराम देता येतो. तोही उपचारच आहे.

आता शेवटचं. आपल्याला मशीनवर ठेवावं की नाही, हे आपण शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. वय १८ च्या वर हवं, दोन साक्षीदार हवेत आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. आपल्यासाठी कोण बोलेल, त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत त्यांना द्यायची, एक ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. मन बदललं तर कागदही बदलता येतो. मात्र घराच्या किंवा शेताच्या कागदासोबत कोणी यावर अंगठा मागत असेल, तर देऊ नका.

कागद नंतर करा, पण घरात बोलणं आजच सुरू करा. सासूला विचारा, आईला विचारा, आणि स्वतःचंही सांगून ठेवा. नाहीतर ऐन वेळी आयसीयूच्या दारात भाऊ-भाऊ भांडतात आणि जिचा जीव आहे, तिलाच कोणी विचारलेलं नसतं. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की अर्धा तास या विषयाला द्या.