घरातला मार मोजायचा कोणत्या मापाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. विषय मात्र असा घेतला आहे की, तो पुष्कळ घरांत आहे आणि ओठांवर कोणाच्याच नाही. नवऱ्याच्या हातून बायकोला होणारा जाच मोजायचा कसा?

खळ्यावर भात मापताना एकाची पायली मोठी आणि दुसऱ्याची लहान असली, तर हिशेब जुळेल का? इथेही तसेच होते. "नवरा मारतो का गं?" असे विचारले, तर आपल्या वैशाखऱ्यातली एखादी म्हणेल, "छे गं बाई! रागाच्या भरात एखादी चापट, तेवढेच." हाड मोडले तर मार, एरवी तो संसार! प्रत्येकीचे माप निराळे.

म्हणून सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एकेक कृत्य विचारतात. नवऱ्याने चापट मारली का? केस ओढले का? ढकलले, लाथ मारली, गळा दाबला का? चारचौघांत पाणउतारा केला का? मनाविरुद्ध जबरदस्ती केली का? गेल्या बारा महिन्यांत किती वेळा? हे प्रश्न एका घरात एकाच बाईला, तेही एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारीत नाहीत. सासूच्या देखत खरे कोण सांगेल?

२०१९-२१ च्या पाहणीत, देशातील लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. मारहाण वा जबरदस्ती सोसलेल्या बायकांत शंभरी ७७ जणींनी ना कोणाला सांगितले, ना मदत मागितली. आणि काही कारणांसाठी नवऱ्याने मारणे योग्यच, असे म्हणणाऱ्या बायकाही शंभरात ४५ निघाल्या! तेव्हा उद्या आकडा वाढला, तर मारच वाढला असे लगेच समजू नये. बायका बोलू लागल्या, असेही असेल.

कायद्याने मात्र माप ठरवून दिले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शरीराचा छळ, लैंगिक छळ, शिव्या व मानसिक छळ, आणि घरखर्च अडवणे किंवा स्त्रीधन काढून घेणे हा आर्थिक छळ, हे सारे त्यात हिंसाच आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ या क्रमांकावर फोन करता येतो. नवऱ्याच्या मनास आले म्हणून बायकोला राहत्या घराबाहेर काढता येत नाही.

भगिनींनो, सुजलेल्या डोळ्यांनी कोणी मंडळात आली, तर "पडलीस का गं?" असे विचारून तिच्या हाती सबब देऊ नका. तिला बाजूला घ्या आणि "काय केले त्याने?" एवढेच विचारा. ती सांगेल ते ऐका, आणि पाणवठ्यावर नेऊ नका. तिला जायचे असेल तिथे तिच्याबरोबर जा.