दम कोंडायचा नाही



गेल्या महिन्यात चाकणला सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटबाहेर एक मिनीबस उभी होती. वीस-बावीस पोरं पाठीवर सॅक टाकून आत चढत होती. बस निघाली होती मालवणला. रात्रभराचा प्रवास, सकाळी तारकर्ली, आणि तिथे सगळ्यांना स्कूबा करायचं होतं. त्यातला एक मला म्हणाला, "काका, मला पोहता येत नाही. चालेल ना?"

मी त्याला म्हटलं, चालेल. पहिल्या अनुभवासाठी पोहता आलंच पाहिजे असं नाही, प्रशिक्षक तुला धरूनच असतो. पण किनाऱ्यावर दहा मिनिटांत जे शब्द सांगतील, ते नीट ऐक. त्यातला प्रत्येक शब्द श्वासाशी बांधलेला आहे. त्या रात्री त्याला जे उभ्याउभ्या सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

मी खेड तालुक्यातला. आम्ही पोहायला शिकलो विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि द्यायचे ढकलून. पोहता यायला लागलं की परीक्षा एकच: तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. त्यासाठी लागायचा दम. जो जास्त वेळ दम कोंडेल तो पोरांत मोठा.

आणि स्कूबाचा पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे. पाण्याखाली दम कोंडायचा नाही. कधीही नाही. श्वास आत, श्वास बाहेर, सावकाश, सतत.

असं का? विहिरीत आपण छातीत हवा भरून घेतो ती काठावर. खाली जाताना ती दाबली जाते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढी होते. त्यात फुप्फुसाला धोका नाही. स्कूबात मात्र आपण खाली असताना, तिथल्या दाबाची हवा छातीत घेतो. समुद्रात दर 10 मीटरला एक बार दाब वाढतो. वर 1 बार, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. म्हणजे 10 मीटरवर पूर्ण श्वास घेऊन तोंड मिटून कुणी वर आला, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसात दुप्पट हवेला जागा नसते. ज्यांनी कारखान्यात कंप्रेसरचा रिसिव्हर टँक आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पाण्याखाली आपला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे आपला मोकळा घसा.

आता टाकी. वर्तमानपत्रातसुद्धा नेहमी छापून येतं, "ऑक्सिजनची टाकी". ती ऑक्सिजनची नसते. आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा, 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली माणसाला विषासारखा बाधतो, झटके येऊ शकतात. आपल्या शॉप फ्लोअरवर एअर लाइनला सहा-सात बार असतात. या टाकीत 200 बार असतात. 12 लिटरच्या टाकीत मोकळ्यावरची सुमारे 2400 लिटर हवा मावते.

मी तीस वर्षं कंप्रेसर रूममध्ये काढली, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या लाइनच्या हवेत तेलाचा अंश असतो, पाणी असतं. एअर गनने चिप्स उडवायला ती चालते. श्वासाला चालत नाही. स्कूबाच्या कंप्रेसरची हवा टप्प्याटप्प्याने दाबतात, गार करतात, तिच्यातलं पाणी काढतात आणि कार्बनच्या फिल्टरमधून गाळतात. कंप्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराजवळ असता कामा नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला तर त्याला ना रंग, ना वास. पण त्याच्यासोबतच्या धुराला वास असतो, म्हणून हवेला तेलाचा किंवा धुराचा कसलाही वास आला, तर ती टाकी नको म्हणावं. त्यात भीड कसली? टाकीच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, तीही वाचावी.

पुढचा शब्द रेग्युलेटर. एअर लाइनच्या एफआरएल युनिटवरचा रेग्युलेटर आपण कारखान्यात रोज फिरवतो. हा त्याचाच भाऊ, फक्त याचं काम दोन टप्प्यांत चालतं. टाकीवर बसलेली फर्स्ट स्टेज 200 बारचा दाब नऊ-दहा बारपर्यंत उतरवते. तोंडात धरायची सेकंड स्टेज तो आणखी उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करते, आणि आपण श्वास ओढला तरच हवा देते. न मागता देत नाही. टाकी आणि फर्स्ट स्टेज यांच्यामध्ये आपली ओळखीची ओ-रिंग असते. ती चिरली की लीकेज.

या रेग्युलेटरचा जन्म कशातून झाला हे आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवायची वेळ आली. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारा एक व्हॉल्व्ह एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने बनवला. नौदलातले झाक कूस्तो पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन शोधत त्याच्याकडे आले. इंजिनाच्या जागी माणूस ठेवला, आणि जानेवारी 1943मध्ये मार्न नदीत कूस्तो उतरले. आडवं पोहताना यंत्र छान चाललं. उभं राहिल्यावर हवा भसाभस वाया जायला लागली, आणि डोकं खाली केल्यावर श्वास ओढेना. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा एका पातळीत नव्हती, एवढाच तो दोष. दोन्ही एका पातळीत आणल्या आणि काम झालं. मोटारीच्या एका सुट्या भागातून माणसाला समुद्राचा तळ मिळाला. भोसरी-चाकणला सुटे भाग घडवणाऱ्या हातांना याचा अभिमान वाटावा, मला तरी वाटतो.

स्कूबा हा शब्दही असाच जुळवलेला आहे, सेल्फ कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस या पाच शब्दांच्या आद्याक्षरांचा. श्वासाचं यंत्र, स्वतःच वाहून न्यायचं. वरून नळी नाही, दोर नाही.

बीसीडी म्हणजे अंगात घालायचं जॅकेट. त्यात हवा भरली की तरंगायचं, सोडली की खाली जायचं. हा आपला भोपळाच, फक्त हवा कमी-जास्त करता येणारा. कमरेला शिशाची वजनं असतात. दोन्हींचा मेळ बसला की माणूस बुडतही नाही, वर उचललाही जात नाही. त्याला न्यूट्रल बॉयन्सी म्हणतात. मग श्वास घेतला की अंग वीतभर वर येतं, सोडला की वीतभर खाली जातं. हा अनुभव शब्दांत सांगणं कठीण आहे.

आता कान. खंडाळ्याचा घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तेच पाण्यात पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतं आणि कितीतरी जोरात. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हळूच नाकात फुंकायचं. कान मोकळा होतो. याला इक्वलाइज करणं म्हणतात. दुखायच्या आधी करायचं, पुन्हा पुन्हा करायचं. मोकळा झाला नाही तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्या वर्षी विहिरीच्या तळाचा गाळ मी वर आणला खरा, पण डावा कान महिनाभर वाहत होता.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. इथे एक फसगत होते. आपण शॉप फ्लोअरवर "सगळं ठीक" म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला". ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आनंदाच्या भरात अंगठा दाखवला, की प्रशिक्षक बिचारा लगेच वर घेऊन येतो.

बडी म्हणजे जोडीदार, ज्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. गेज म्हणजे आपलं नेहमीचंच, टाकीतला दाब दाखवणारं. काटा 50 बारवर यायच्या आत वर असायचं.

शेवटचा शब्द बेंड्स. हा आजार आधी हौशी लोकांना नाही, कामगारांना झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पुलांचे पाये नदीच्या तळाशी, दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांमध्ये खोदत. पाळी संपवून वर आलेले मजूर सांध्यांच्या वेदनांनी वाकून जात. वाकणं म्हणून बेंड्स. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने खिळून पडला. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, गोटी सोड्याची बाटली फोडावी तसा, झटकन वर आलं की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. म्हणून हळू वर यायचं, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. त्याला सेफ्टी स्टॉप म्हणतात. उंचावर दाब आणखी कमी, म्हणून एका बुडीनंतर निदान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास विमानात बसू नये, असंही सांगतात. आपण विमानाने येत नाही, पण घाट चढून परततो, आणि आंबोलीचा घाटमाथा समुद्रापासून जवळपास 700 मीटर उंच आहे. उथळ पाण्यातल्या पहिल्या अनुभवाला फारशी काळजी नाही. कोर्स करून खोल आणि वारंवार उतरणाऱ्यांनी मात्र ती रात्र मालवणातच काढावी.

मी निवृत्तीनंतर कोर्स केला. प्रत्येक बुडीची नोंद लॉगबुकात करायची असते. आमच्या कंप्रेसर रूमच्या लॉगबुकासारखीच, रकाने पाडलेली. माझं पहिलं पान असं आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. खोली 8 मीटर. वेळ 24 मिनिटं. उतरताना 200 बार, वर आल्यावर 80. शेवटच्या रकान्यात, शेरा: कान वेळेवर मोकळे केले.