नहरींच्या शहरातील एका नक्षीकाराची आवडती स्थळे
(वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस प्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जन्मभर कयाधूच्या काठी शाळामास्तरकी केलेले. आमचा प्रवास तो केवढा! तथापि गेल्या माघात आम्ही पूर्णा, परभणी, जालना या मार्गाने आगगाडीने छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे जुन्या औरंगाबादेस गेलो आणि तेथे पाच दिवस राहिलो. समवेत आमचा पुतण्या होता. तो मुंबईस एका कापडाच्या पेढीत साड्यांच्या काठपदरांची नक्षी काढतो. डिझायनर म्हणतात त्यास. वर्षातून एकदा तरी तो त्या शहरी जातोच, आणि तेथील त्याची स्थळे ठरलेली आहेत. ती स्थळे, आणि त्यांपैकी एका ठिकाणी आमची झालेली फजिती, आज निवेदन करावयाची आहे.

इटलीतील व्हेनिस शहरात रस्त्यांच्या जागी कालवे असून लोक नावेतून घरोघर जातात, हे आम्ही भूगोलाच्या तासाला पुष्कळदा शिकविले. आपल्या मराठवाड्यातही कालव्यांचे एक शहर आहे, हे मात्र आम्ही एकदाही सांगितले नाही. कारण ते कालवे दिसत नाहीत. ते जमिनीखाली आहेत. हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या आणि स्वकर्तृत्वाने निजामशाहीचा वजीर झालेल्या मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी येथे शहर वसविले आणि उत्तरेकडील डोंगरांच्या कुशीतले पाणी भूमिगत नहरीने त्यात आणले. तीच नहर-ए-अंबरी. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला, खडकीचे औरंगाबाद झाले आणि वाढत्या वस्तीसाठी पुढे आणखी नहरी झाल्या. ना मोट, ना रहाट. केवळ उताराच्या बळावर पाणी घरांच्या व मशिदींच्या हौदांत पोहोचत असे. (आम्ही ज्या आप्तांकडे उतरलो होतो, त्यांच्या गच्चीवर मात्र पिंपांची रांग होती, आणि नळास पाणी कोणत्या दिवशी येणार याचा हिशेब भिंतीवरील कालनिर्णयात लिहिलेला होता.)

पुतण्याचे पहिले स्थळ पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर या सत्पुरुषाच्या दर्ग्याजवळ ती आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, एका उंच भिंतीत चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. मुले विचारतील, पाणी वर कसे चढले? उगम भिंतीच्या माथ्याहूनही उंचावर आहे. बंद नळातील पाणी आपली मूळची पातळी गाठू पाहते, एवढेच. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यावरील यात्रेकरू व फकिरांसाठी धान्य दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी आणि खाली माणसे, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो. पुतण्या जात्याकडे फिरकलाही नाही. त्या दालनातील एका खांबास टेकून तो तासभर बसला. “काका, कापडात ताणा असतो तशी ही नहर आहे. दिसत नाही, पण सगळी नक्षी तिच्यावर उभी,” असे तो म्हणाला. आम्ही ‘हो’ म्हटले. खरे पाहता तेव्हा आमचे लक्ष पायऱ्यांवर ठेवलेल्या आमच्या वहाणांकडे होते.

भडकल दरवाजा, मकाई दरवाजा, दिल्ली दरवाजा हे सारे त्याने आम्हांस रिक्षातून दाखविले. बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. आम्ही नऊ मोजले आणि थांबलो. डोंगरावरील लेण्यांपर्यंत आमचे गुडघे चढले नाहीत. तो एकटा जाऊन आला आणि सातव्या लेण्यातील नर्तकी व तिच्या भोवतीच्या वादक स्त्रिया वहीत उतरवून घेऊन आला.

आता बीबीच्या मकबऱ्याविषयी. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. मुख्य दरवाजावरील लेखात शिल्पी अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. ताजमहालाशी संबंध असलेल्या उस्ताद अहमद लाहोरी याचा हा अताउल्ला पुत्र. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याची नोंद सांगतात. ते सात आणे वाचून आमच्यातील मास्तर सुखावला. लोक येतात, ‘गरिबाचा ताज’ म्हणतात आणि छायाचित्र काढून जातात. पुतण्यास हे खपत नाही. संगमरवर बेताचाच मिळाल्यावर कारागिराने चुन्याच्या गिलाव्यात जी फुले उठविली, ती पाहावीत, असे त्याचे म्हणणे आहे. कमी कापडात अंगरखा बेतणाऱ्याचे कसब आपल्या समाजास निराळे समजावून सांगावयास नको.

फजिती झाली ती तेथेच, पितळी पत्र्याने मढविलेल्या दारापाशी. त्यावर फुलांची वेल आहे. पुतण्या तिच्यावर बोट फिरवीत म्हणाला, “काका, ही वेल ओळखता काय?” आम्हांस ओळखेना. मग त्याने सांगितले. चौथीत तो आमच्याच वर्गात होता. त्रैराशिकाच्या वहीत त्याने समासभर वेल काढली होती. आम्ही ते पान फाडले आणि त्याच्या तळहातावर पट्टी मारली. “शिंप्याच्या पोराने आता तरी रेघोट्या सोडाव्यात आणि नोकरीस लागावे,” असेही सर्व वर्गासमक्ष म्हणालो. ती वेल त्याने मनाने काढलेली नव्हती. आमचे वडील निजामी अमदानीत हिंगोलीच्या अंमलदारांच्या शेरवान्या शिवीत. हिमरूची कतरण ते एका गाठोड्यात जपून ठेवीत. त्यातील एका तुकड्यावरची ती वेल होती.

हिमरू म्हणजे औरंगाबादचे कापड. पाया सुताचा आणि वरची नक्षी रेशमाची. किनखाबासारखे दिसावे, पण मोल आवाक्यात असावे, असा त्याचा बेत. पुतण्याचे शेवटचे स्थळ म्हणजे असेच माग असलेले एक घर. पूर्वी नक्षी कागदावर काढून ती दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून घ्यावी लागे. एक माणूस मागाच्या वर बसून नेमके दोरे ओढी आणि खाली विणकर धोटा फेकी. बांधलेले जाळे तुटले किंवा बांधणारा गेला, की ती नक्षी गेली. मग उरते ती विणलेल्या कापडातच. पुतण्याने त्या वृद्ध विणकरांस आपल्या वहीतील वेल दाखविली. त्यांनी चष्मा पुसून ती पाहिली आणि म्हणाले, अशी वेल वडिलांच्या मागावर होती, आता जाळे नाही, तुकडा असेल तर आणा, धागे मोजून पुन्हा बांधता येईल.

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. बंधुभगिनींनो, वडील निवर्तल्यानंतर ट्रंक आम्हीच आवरली होती. ते गाठोडे आम्ही बोहारणीस दिले आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला. तो डबा अद्याप घरात आहे. त्यात पोहे असतात. पुतण्यास हे आम्ही त्या घराच्या ओट्यावर सांगितले. तो काही बोलला नाही. विणकरांनी आम्हां दोघांस चहा दिला आणि विषय बदलला.

परतीच्या गाडीत जालना मागे पडल्यावर तो एवढेच म्हणाला, “आपल्या समाजात आणखी कोणाकडे असेल, काका.” म्हणून संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर आम्ही दोन ओळी छापविल्या होत्या. ज्यांनी आजे-पणजे यांच्या वेळची कतरण, टोपी, बंडी किंवा शेरवानीचा तुकडा बरोबर आणला असेल, त्यांनी तो भोजनोत्तर पश्चिमेच्या खोलीत घेऊन यावा. पुतण्या तेथे सायंकाळपर्यंत वही घेऊन बसेल. कापड तो ठेवून घेणार नाही. धागे मोजील, नक्षी उतरवील आणि तुकडा तत्काळ परत करील. तुकडा कोणाचा, कोठला, हे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे आहे. आमचे अक्षर आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहेच.